पंधरा वॅटमध्ये बसणारा गेम : हँडहेल्डच्या मर्यादा आणि नव्याने शिकणाऱ्यांची तयारी

संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणीच्या कॉलेजांतून गेम डेव्हलपमेंटकडे वळणाऱ्या मुलामुलींची पहिली शंका बहुतेक वेळा एकच असते. घरात साधा लॅपटॉप, लॅबमध्ये त्याहून जुना संगणक, मग नव्या पिढीच्या कन्सोलचं काम शिकायचं कशावर? या शंकेचं उत्तर धीर देणारं आहे. मोठा गेम बनवताना टीमला सगळ्यात जास्त घाम फोडतं ते गेम ज्या यंत्रांवर चालवायचा त्यांतलं सगळ्यात अशक्त यंत्र, आणि ते यंत्र तुमच्या लॅपटॉपच्या बरंच जवळ आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि त्याचं धाकटं भावंड सिरीज एस बाजारात आलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये वाल्व कंपनीचा स्टीम डेक आला, जून २०२५ मध्ये निन्टेन्डो स्विच २ आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलाय. त्यामुळे नवा गेम कुठे कुठे चालवायचा याची यादी केली की त्यात हातात धरायचं एखादं यंत्र, म्हणजे हँडहेल्ड, असतंच. पूर्वी गेम पूर्ण व्हायचा आणि मग कुणीतरी तो छोट्या यंत्रावर 'बसवायचं' काम करायचं. आता छोट्या यंत्राचा हिशेब पहिल्याच महिन्यात मांडावा लागतो.

काय कमी करता येतं आणि काय येत नाही

आधी आकडे. प्लेस्टेशन ५ च्या जीपीयूची, म्हणजे चित्र काढणाऱ्या चिपची, ताकद १०.२८ टेराफ्लॉप (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं), स्टीम डेकची १.६. म्हणजे सुमारे ६.४ पटींचा फरक. पण डेकचा पडदा १२८० × ८०० चा, म्हणजे १०,२४,००० पिक्सेल. फोर-के पडद्यावर ८२,९४,४०० पिक्सेल असतात, आठ पट. नुसतं हे पाहिलं तर डेकला काहीच कमी पडू नये. प्रत्यक्षात प्लेस्टेशनवरचे बरेच गेम आतून फोर-केपेक्षा कमी रिझोल्यूशनवर चित्र काढतात आणि ते मोठं करून दाखवतात. आतलं चित्र २५६० × १४४० चं धरलं तर पिक्सेलचा फरक ३.६ पटच उरतो. म्हणजे डेकवर पिक्सेल कमी करून भागत नाही, प्रत्येक पिक्सेलवर होणारं काम जवळपास निम्म्यावर आणावं लागतं. सावल्या, प्रतिबिंबं, धुकं, गवताची दाटी यांत ते करता येतं. कटकटीचं काम आहे, पण वाट माहीत आहे.

खरी अडचण सीपीयू आणि मेमरीची. पडदा लहान झाला म्हणून बाजारातली चाळीस माणसं वीस होत नाहीत. त्यांचे रस्ते शोधणं, टक्कर तपासणं, अ‍ॅनिमेशन, क्वेस्टची (खेळाडूला दिलेल्या कामगिरीची) स्थिती हे सगळं तेवढंच राहतं. प्लेस्टेशन ५ मध्ये झेन २ जातीचे आठ कोअर आहेत, डेकमध्ये त्याच जातीचे चार. रॅम दोन्हीकडे १६ जीबी, पण प्लेस्टेशनची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी डेटा पुरवते आणि मूळ डेकची ८८ जीबी.

याचं सगळ्यांसमोर घडलेलं उदाहरण म्हणजे बाल्डर्स गेट ३. सिरीज एस हा हँडहेल्ड नाही, पण त्यात १० जीबीच मेमरी आहे आणि त्यातलीही ८ जीबीच वेगवान. दोन खेळाडूंनी एकाच पडद्याचे दोन भाग करून खेळायचं म्हणजे दोन वेगळ्या जागा एकाच वेळी मेमरीत ठेवायच्या, दोघांचं जग एकाच वेळी चालवायचं. ते सिरीज एसवर बसेना. हा गेम प्लेस्टेशन ५ वर सप्टेंबर २०२३ मध्ये आला, एक्सबॉक्सवर डिसेंबरात, आणि सिरीज एसवर तो दुभागलेल्या पडद्याविना आला. रिझोल्यूशन कमी करून सुटणारा प्रश्न असता तर तो एका दुपारी सुटला असता.

म्हणून नव्याने शिकणाऱ्याने एक गोष्ट मनात पक्की करावी : पिक्सेल शेवटी कमी करता येतात, वस्तूंची आणि पात्रांची संख्या मात्र सुरुवातीलाच ठरवावी लागते. डिझायनरने 'मैदानात दोनशे सैनिक' असं लिहिलं की तो निर्णय तांत्रिकही असतो, आणि तो घेताना प्रोग्रामर त्या खोलीत हवा.

वॅटचा हिशेब

डेस्कटॉपवर शिकलेल्या माणसाला इथेच पहिली ठेच लागते. डेकची मुख्य चिप ४ ते १५ वॅटमध्ये चालते, आणि या पंधरा वॅटवर सीपीयू आणि जीपीयू दोघांनी भागवायचं असतं. एकाने जास्त घेतले की दुसऱ्याचा वेग उतरतो.

यातून एक फसवा आजार होतो. समजा तुमच्या कोडमध्ये एखादा थ्रेड (प्रोग्राममधला स्वतंत्र चालणारा कामाचा धागा) कामाची वाट पाहताना झोपत नाही, रिकामा फिरत राहतो. डेस्कटॉपवर कुणाच्या लक्षातही येत नाही. हँडहेल्डवर तो दोन-तीन वॅट खातो, तेवढी वीज जीपीयूला मिळत नाही, आणि मोजमापात दिसतं काय, तर 'जीपीयू ९९ टक्के व्यस्त'. नवखा माणूस लगेच टेक्श्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) आणि सावल्या कापायला बसतो. आजार सीपीयूत आणि औषध जीपीयूला. हे ओळखायची सोपी खूण आहे. लिनक्सवर मँगोहड हे मोफत साधन लावा आणि टक्केवारीसोबत जीपीयूचा क्लॉक म्हणजे चालण्याचा वेगही पाहा. डेकच्या जीपीयूचा कमाल वेग १६०० मेगाहर्ट्झ आहे. वापर ९९ टक्के आणि क्लॉक ११००-१२०० वर अडकलेला दिसला, तर वीज किंवा उष्णता आड येते आहे. आधी सीपीयूचे वॅट बघा.

भौतिकशास्त्र सोपं आहे : चिपची वीज ही व्होल्टेजचा वर्ग गुणिले वारंवारता या प्रमाणात वाढते, आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावं लागतं. म्हणून शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो. मूळ डेकची बॅटरी ४० वॅट-तासांची आहे. पडदा, वायफाय, पंखा धरून यंत्र २० वॅट ओढत असेल तर दोन तास, १० वॅटवर आणलंत तर चार तास. मेनूचा पडदा फ्रेमवर, म्हणजे दर सेकंदाला काढायच्या चित्रांवर, मर्यादा न घालता सोडला तर तो सेकंदाला तीनशे फ्रेम काढत बसतो आणि खेळाडू चहा घेऊन येईपर्यंत बॅटरी उतरवतो. मेनू, पॉज आणि नकाशा यांना ३० फ्रेमची मर्यादा घालणं हे पाच मिनिटांचं काम आहे. ते पहिल्याच आठवड्यात करून टाका.

फ्रेमचा हिशेब मिलिसेकंदांत करायची सवय लावा. ६० फ्रेमसाठी १६.६७ मिलिसेकंद, ३० साठी ३३.३३. या दोघांच्या बरोबर मध्ये ३० आणि ६० ची सरासरी, म्हणजे ४५ येत नाही. येतो तो ४०, कारण ४० फ्रेमला २५ मिलिसेकंद मिळतात. म्हणूनच हातातल्या यंत्रांवर ४० फ्रेमची पद्धत रुळली. स्विच २ वर सायबरपंक २०७७ च्या परफॉर्मन्स मोडचं लक्ष्य ४० फ्रेम आहे. त्यासाठी पडद्याने साथ द्यावी लागते : १२० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम तीनदा दाखवली की ४० नीट बसतात. ९० हर्ट्झच्या ओलेड डेकवर निम्मे म्हणजे ४५ बसतात. ६० हर्ट्झच्या साध्या पडद्यावर ४० फ्रेम चालवल्या तर एक फ्रेम एकदा आणि दुसरी दोनदा दिसते आणि चाल अडखळते.

आता उन्हाळा. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणं नित्याचं आहे. स्टीम डेकसाठी वाल्वने सांगितलेलं भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश आहे; चिप १०० अंशांवर गेली की स्वतःचा वेग कमी करते आणि १०५ ला यंत्र बंद होतं. गेम वापरणारा माणूस तुमच्यासारख्याच घरात, तुमच्यासारख्याच उन्हाळ्यात खेळणार आहे. त्यामुळे मराठवाड्यातली मे महिन्याची दुपार ही चाचणीची फार चांगली वेळ आहे, तिचा उपयोग करा. तीस मिनिटं सलग गेम चालवा. पहिल्या दोन मिनिटांची सरासरी फ्रेमवेळ आणि शेवटच्या पाच मिनिटांची सरासरी वेगवेगळी लिहा. दुपारी शेवटची सरासरी दहा टक्क्यांहून जास्त बिघडत असेल तर तुमचा गेम काठावर चालला आहे. १६.६७ चं लक्ष्य असेल तर थंड खोलीत १४ च्या आत बसायला हवं. कूलरसमोर घेतलेले आकडे वेगळ्या रकान्यात लिहा, नाहीतर पुढच्या आठवड्यात कशाशी काय ताडायचं तेच कळत नाही. लाईट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि बरेच लॅपटॉप तेव्हा आपोआप वीज कमी घेतात. तीही नोंद हवी.

मेमरी, आणि देवगिरीची अंधारी

टेक्श्चरचा हिशेब तोंडपाठ असला पाहिजे. ४०९६ × ४०९६ चं एक टेक्श्चर, दर पिक्सेलला चार बाइट, म्हणजे ६४ एमबी. त्याच्या लहान होत जाणाऱ्या प्रतींची म्हणजे मिपची साखळी धरली की एक तृतीयांश वाढतं, ८५ एमबी. तेच बीसी७ पद्धतीने दाबलं की मिपसह साधारण २१ एमबी, आणि २०४८ चं केलं तर ५.३ एमबी. एका मटेरियलला (पृष्ठभागाच्या एका प्रकाराला) तीन टेक्श्चर आणि शंभर मटेरियल धरा : ४०९६ वर सहा जीबीच्या वर, २०४८ वर १.६ जीबी. बाराशे-ऐंशी पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर ४०९६ च्या भिंतीची सगळ्यात वरची प्रत दिसायची तर खेळाडूने भिंतीला नाक लावायला हवं. हँडहेल्डच्या बिल्डमधून वरची एक प्रत काढून टाका, कुणालाही फरक दिसत नाही. संगणक आणि डेकसाठी बीसी जातीचं दाबणं, फोनसाठी एएसटीसी. फोनवर ६ × ६ चा ठोकळा घेतला तर दर पिक्सेलला ३.५६ बिट लागतात, ८ × ८ घेतला तर २.

स्विच २ मध्ये १२ जीबी मेमरी आहे आणि त्यातली ९ गेमच्या वाट्याला येते, तीही सीपीयू आणि जीपीयूमध्ये मिळून. सरावासाठी स्वतःवर ३ जीबीची मर्यादा घाला आणि तिची वाटणी कागदावर लिहा : टेक्श्चर १२०० एमबी, मेश (वस्तूंचे त्रिमितीय आकार) ४००, रेंडर टार्गेट (जीपीयू ज्यावर चित्र काढतो ती जागा) २५०, आवाज १५०, अ‍ॅनिमेशन आणि फिजिक्स २००, इंजिन आणि कोड ४००, आणि ४०० रिकामे. रिकाम्या चारशेला हात लावायचा नाही. तुकडे-तुकडे झालेल्या मेमरीत मोठा ठोकळा मावत नाही तेव्हा तेच वाचवतात. आवाजाकडे सगळे दुर्लक्ष करतात. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ आवाज न दाबता ठेवला तर मिनिटाला ११.५ एमबी लागतात. चार मिनिटांचं पार्श्वसंगीत ४६ एमबी गिळतं. संगीत स्ट्रीम करा (थोडं थोडं वाचत वाजवा), छोटे आवाजच मेमरीत ठेवा.

साठवणुकीचा वेग हा फरकांतला सगळ्यात मोठा. प्लेस्टेशन ५ ची एसएसडी सेकंदाला ५.५ जीबी वाचते. स्टीम डेकमध्ये मायक्रोएसडी कार्डावरून गेम चालवणारे पुष्कळ आहेत, आणि तिथे फार तर १०० एमबी मिळतात. निन्टेन्डोने स्विच २ ला गेमसाठी मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्डच सक्तीचं केलं ते याच दुखण्यामुळे.

इथे नकाशाची रचनाच बदलावी लागते, आणि ते समजायला देवगिरीचा किल्ला फार चांगला आहे. खंदक ओलांडल्यावर अंधारी लागते : खडकात खोदलेला काळोखा, वळणावळणाचा मार्ग. समजा तुम्ही त्यावरून गेमचा एक टप्पा बनवता आहात. खाली तटबंदी, तोफा आणि चांद मिनार, वर बारादरीकडे जाणारा भाग. दोन्ही एकाच वेळी मेमरीत मावत नाहीत. वरच्या भागाला ६०० एमबी लागतात. कार्ड १०० एमबी देतं असं धरू नका. फायली विखुरलेल्या असतात, दाबलेला डेटा उलगडायचा असतो. पन्नास धरा. म्हणजे बारा सेकंद. खेळाडू सेकंदाला पाच मीटर धावत असेल तर अंधारी किमान ६० मीटर लांब हवी. आठ मीटरने पळू शकत असेल तर ९६. एवढा लांब बोगदा कंटाळवाणा होतो, म्हणून आत पळण्यावर बंधन घाला, हातात मशाल द्या, पायऱ्या द्या, एक दरवाजा ढकलायला लावा. वळणं आवश्यक आहेत, कारण सरळ बोगद्यातून मागचा भाग दिसत राहतो आणि तो मेमरीतून काढता येत नाही. पहिलं वळण गेलं की खालची तटबंदी सोडायची, मगच वरचं मागवायचं. उलट क्रमाने केलंत तर मध्ये काही क्षण दोन्ही भाग मेमरीत असतात आणि तिथेच गेम कोसळतो. खेळाडू अर्ध्यातून परत फिरला तर काय, याचंही उत्तर आधी ठरवा. सगळ्यात सोपं उत्तर : मागे दगड कोसळून वाट बंद.

तोच टप्पा प्लेस्टेशनवर दोन सेकंदांत मेमरीत चढला असता. पण अंधारी एकदा बनवली की ती सगळ्या यंत्रांवर तशीच राहते. लहान यंत्राचा हिशेब मोठ्या यंत्रावरच्या गेमचा आराखडा ठरवतो तो असा.

एकाच विहिरीवर दोन पंप

हँडहेल्डमध्ये सीपीयू आणि जीपीयूला वेगळी मेमरी नसते. एकाच विहिरीवर दोन पंप बसवल्यासारखं आहे : एक जोरात चालला की दुसऱ्याची धार बारीक होते. स्विच २ डॉकमध्ये (टीव्हीला जोडणाऱ्या खोक्यात) असताना मेमरी सेकंदाला सुमारे १०२ जीबी पुरवते आणि हातात घेतल्यावर सुमारे ६८, कारण वीज वाचवायची असते.

डिफर्ड पद्धतीत (आधी पृष्ठभागांची माहिती लिहून प्रकाशाचा हिशेब नंतर करायच्या पद्धतीत) दर पिक्सेलला साधारण २० बाइट लिहिले जातात. १९२० × १०८० वर ते ४१.५ एमबी. एकदा लिहिणं, एकदा वाचणं, ६० फ्रेम : सेकंदाला ५ जीबी. हे टेक्श्चर, सावल्या, धूर काहीही न धरता. त्यावर पोस्ट-प्रोसेसिंगचा (तयार चित्रावर नंतर चढवायच्या इफेक्टचा) एकेक पूर्ण पडद्याचा थर आठ बाइटच्या फॉर्मॅटमध्ये असेल तर वाचून-लिहून ३३ एमबी, म्हणजे ६० फ्रेमला २ जीबी. असे दहा थर लावले की २० जीबी गेले. नवखे प्रोजेक्ट इथेच बुडतात, कारण इंजिनमध्ये ब्लूम, मोशन ब्लर, डेप्थ ऑफ फील्ड हे सगळं एका टिकमार्कवर चालू होतं आणि डेस्कटॉपच्या कार्डावर त्याची झळ लागत नाही. उपाय ठरलेले आहेत. पारदर्शकतेचा चॅनेल लागत नसेल तिथे आठ बाइटच्या जागी चार बाइटचा आर११जी११बी१० फॉर्मॅट वापरा. ब्लूम (प्रखर उजेडाभोवतीची आभा) आणि अँबियंट ऑक्लूजन (कोपऱ्यांतली मंद सावली) निम्म्या रिझोल्यूशनवर काढा. धूर आणि धूळ यांचे एकावर एक पडणारे थर मोजा; होळीच्या दृश्यात कॅमेऱ्याजवळ गुलालाचे वीस थर आले की बाकी सगळं बरोबर असूनही फ्रेम कोसळते.

अपस्केलिंगबद्दल (लहान चित्र काढून ते मोठं करण्याबद्दल) दोन शब्द, कारण त्यावर नको तेवढा भरवसा टाकला जातो. एफएसआर या अपस्केलरच्या क्वालिटी मोडमध्ये लांबी-रुंदीला १.५ ने भाग जातो, म्हणजे ८०० ओळींच्या पडद्यासाठी आतलं चित्र ८५३ × ५३३ चं उरतं. ५३३ ओळींत दगडी जाळी, दोरखंड, उसाची पानं यांना पिक्सेलच पुरत नाहीत आणि ती लुकलुकतात. एफएसआर २ ला मोशन व्हेक्टर (कोणता पिक्सेल किती सरकला याची नोंद) बरोबर लागतात. झाडं शेडरमध्ये (जीपीयूवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) वाऱ्याने हलवली आणि ती हालचाल मोशन व्हेक्टरमध्ये लिहिली नाही तर पानांमागे धूसर शेपूट दिसतं. शिवाय अपस्केलर स्वतःही वेळ खातो. तो चालू आणि बंद करून मोजा, मग ठरवा.

सीपीयूचं काम

पात्रांना अंतरानुसार वागवा. जवळची दहा दर फ्रेमला विचार करतील, वीस मीटरपलीकडची चौथ्या फ्रेमला, नजरेआडची पंधराव्या. पण सगळी एकाच फ्रेमला जागी होणार नाहीत याची काळजी घ्या; प्रत्येकाला वेगळा क्रमांक देऊन काम पसरवा, नाहीतर दर पंधराव्या फ्रेमला झटका बसतो आणि सरासरीत तो दिसत नाही. म्हणून सरासरी फ्रेमसोबत सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेमची वेळही नेहमी लिहा.

युनिटी या गेम इंजिनमध्ये फिजिक्सचं पाऊल मुळात ०.०२ सेकंदांचं असतं. यंत्र मंदावून २० फ्रेमवर आलं की एका फ्रेमला अडीच पावलं पडतात, त्यामुळे फ्रेम आणखी लांबते, मग आणखी पावलं. हा भोवरा थांबवायला मॅक्झिमम अलाउड टाइमस्टेप ०.३३ वरून ०.१ वर आणा. जग क्षणभर संथ होईल, पण गेम अडकणार नाही. सी-शार्पमध्ये दर फ्रेमला नवी लिस्ट किंवा स्ट्रिंग बनवू नका. हा कचरा (आता न लागणारी मेमरी) गोळा व्हायची वेळ आली की लहान कोअरवर तो झटका ठळक जाणवतो.

पहिल्यांदा स्फोट झाला की गेम अर्धा सेकंद थांबतो, दुसऱ्यांदा थांबत नाही. ही शेडर त्याच क्षणी कंपाइल होत असल्याची खूण. सगळ्या डेकचं हार्डवेअर जवळपास सारखं असल्याने वाल्व आधीच तयार केलेले शेडर पाठवू शकतं. बाकी संगणकांवर ही सोय मिळेलच असं नाही. लोडिंगच्या पडद्यामागे सगळे इफेक्ट एकदा काढून घ्या.

छोट्या पडद्यावर मराठी

स्टीम डेकसाठी वाल्वची अट आहे की १२८० × ८०० वर कोणतंही अक्षर ९ पिक्सेलपेक्षा लहान नसावं. ही अट रोमन अक्षरांना पुरते. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार-जोडाक्षरं लागतात. ९ पिक्सेलात 'उद्ध्वस्त' आणि 'शिट्ट्या' यांचा गोळा होतो. त्या पडद्यावर फॉन्टचा आकार २० पिक्सेलच्या खाली नेऊ नये आणि ओळीची उंची दीडपट ठेवावी, असा आमचा आग्रह आहे. गोदो ४ आणि अनरीअल यांत हार्फबझ (अक्षरं जुळवणारी लायब्ररी) असल्याने जोडाक्षरं बरोबर जुळतात. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. मराठी मजकूर असेल तर इंजिन निवडतानाच हे तपासा. चाचणीसाठी 'कुऱ्हाड, ऱ्हास, सुऱ्या, हृदय, वाङ्मय, दुर्दैव' हे शब्द पुरेत. भाषेचा कोड मराठीचा द्या, म्हणजे फॉन्टमध्ये असेल तर मराठी वळणाचे ल आणि श मिळतात. अक्षरांचा अ‍ॅटलास (सगळ्या अक्षरांचं एकत्र चित्र) आधी भरून ठेवा. संवाद चालू असताना नवं जोडाक्षर बनवायला लागलं की तिथेही झटका बसतो.

घरच्या लॅपटॉपवर सराव

टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरी पाहा. ८ जीबीची एकच डीडीआर४-३२०० पट्टी असेल तर तुमच्या लॅपटॉपची मेमरी सेकंदाला २५.६ जीबी देते. २०१७ च्या मूळ स्विचचा कमाल आकडाही नेमका हाच. एवढ्याच बळावर द विचर ३ ऑक्टोबर २०१९ मध्ये ३२ जीबीच्या कार्ट्रिजवर, हातात ५४० ओळींपर्यंतच्या रिझोल्यूशनवर चालला. दुसरी पट्टी टाकली की ५१.२ होतात. सरावासाठी एका पट्टीवर आणि दोन पट्ट्यांवर वेगवेगळी मोजणी केलीत तर बँडविड्थ म्हणजे काय ते पुस्तकापेक्षा चांगलं कळतं.

रायझेनचा लॅपटॉप असेल तर रायझेनअ‍ॅडज हे मोफत साधन घ्या आणि तिन्ही वीजमर्यादा १५००० ठेवा. आकडा मिलीवॅटमध्ये असतो, म्हणजे १५ वॅट. काही लॅपटॉप थोड्या वेळाने ही मर्यादा परत बदलतात, म्हणून चाचणीच्या मध्ये एकदा तपासा. मग ६० सेकंदांचा ठरलेला कॅमेरा-मार्ग बनवा : प्रत्येक वेळी तोच रस्ता, तीच पात्रं, तोच धूर. हाताने खेळून घेतलेली मोजमापं एकमेकांशी ताडता येत नाहीत. अनरीअलमध्ये 'स्टॅट युनिट' दिलं की गेम थ्रेड, रेंडर थ्रेड आणि जीपीयू यांचे मिलिसेकंद वेगळे दिसतात. एका फ्रेमची चिरफाड करायला रेंडरडॉक मोफत आहे. एका वेळी एकच बदल करा आणि तो तक्त्यात लिहा : तारीख, काय बदललं, या तिन्हींचे मिलिसेकंद, मेमरी, वॅट, खोलीचं तापमान.

अभ्यासक्रमातले ऑपरेटिंग सिस्टीम आणि कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन हे विषय परीक्षेपुरते उरकू नका. कॅश लाइन (सीपीयू मेमरीतून एका वेळी उचलतो तो तुकडा) ६४ बाइटची असते आणि विखुरलेला डेटा त्यामुळे का महाग पडतो, हे ज्याला सांगता येतं त्याला या क्षेत्रात मान आहे. भाषा सी-प्लस-प्लस. पोर्टिंग इंजिनिअर (गेम दुसऱ्या यंत्रावर नेणारा), टेक्निकल आर्टिस्ट, परफॉर्मन्स टेस्टिंग ही तीन कामं या ज्ञानाशी थेट जोडलेली. मराठवाड्यातून जवळचं ठिकाण पुणे. युबिसॉफ्टचा स्टुडिओ तिथे २००८ पासून आहे. स्वतःचा छोटा गेम स्टीम या वाल्वच्या ऑनलाइन दुकानात टाकायचा तर दर गेममागे १०० डॉलर भरावे लागतात आणि विक्री १,००० डॉलरच्या वर गेली की ते परत मिळतात. निन्टेन्डोच्या डेव्हलपर पोर्टलवर नोंदणी करता येते, पण डेव्हकिटसाठी (गेम बनवणाऱ्यांना मिळणाऱ्या खास यंत्रासाठी) मान्यता आणि गोपनीयतेचा करार लागतो. डेव्हकिटवर घेतलेले आकडे किंवा फोटो पोर्टफोलिओत टाकायचे नसतात. लॅपटॉपवरच्या तुमच्या तक्त्याला असं कुठलंच बंधन नाही. पोर्टफोलिओत तोच आधी ठेवा, व्हिडिओ नंतर.

मुलाखतीत या धाटणीचा प्रश्न येतो : फ्रेम २२ मिलिसेकंदांची, जीपीयूचं काम १४ चं, लक्ष्य १६.६७, पहिलं काय कराल? रिझोल्यूशन निम्मं करून पुन्हा मोजायचं. फ्रेम २२ वरच राहिली तर अडचण सीपीयूत आहे. मग गेम थ्रेड मोठा की रेंडर थ्रेड ते पाहायचं. रेंडर थ्रेड मोठा असेल तर ड्रॉ कॉल (सीपीयूने जीपीयूला दिलेले 'हे काढ' असे आदेश) मोजायचे आणि एकसारख्या वस्तू एकत्र करायच्या. गेम थ्रेड मोठा असेल तर कोणतं पात्र किंवा कोणती स्क्रिप्ट दर फ्रेमला विनाकारण जागी होते ते शोधायचं. आणि हँडहेल्डवर असाल तर या सगळ्याच्या आधी जीपीयूचा क्लॉक बघायचा.